बेसवाल्याचं नाव

“नाव तेवढं सांगा, नाथाभाऊ. मी लगेच निघतो.”

“कुणाचं नाव?”

“आमच्या बेसवाल्याचं.”

नाथाभाऊ ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. हातातली शेंग सोलून झाली, दाणे परातीत पडले. त्यांनी दुसरी उचलली.

“बेसवाला तुझा. आणि नाव मी सांगू?”

“तुम्हीच त्याला बँडमध्ये आणलं होतं.”

“आणलं होतं. पण त्यानंतर इतकी वर्षं तो उभा कुणाच्या शेजारी होता?”

सॅमसन आढावनं घड्याळाकडे पाहिलं. उत्तर द्यायचं नसलं की तो घड्याळाकडे पाहतो, ही त्याची जुनी खोड.

सॅमसन म्हणजे ‘सातवा मैल’ या बँडचा गायक. पुण्याजवळ, खडकीच्या पुढे, सातव्या मैलाच्या दगडाशी एक मोटार गॅरेज होतं. तिथं रात्री गाड्या बाहेर काढून ही मंडळी वाजवत बसायची, म्हणून बँडचं नाव सातवा मैल.

ते ब्लूज वाजवतात. अमेरिकेत कापूस वेचणाऱ्या काळ्या मजुरांनी आपलं दुःख ज्या गाण्यांत घातलं, ती ही गाणी. या लोकांनी ती मराठीत आणली. पहिल्या वर्षी सगळे हसले. लग्नाला बोलावलं की मुलाचा बाप धावत यायचा, अहो हे रडगाणं आवरा, वरात निघायचीय.

मग डिस्को आला, तेव्हा यांना कुणी विचारेना. मग कीबोर्ड आला, आणि कीबोर्डवाला आखातात गेला. ड्रमवाले बदलले. एकदा तर सगळी वाद्यं टेम्पोसकट घाटात अडकली आणि हे पाच जण दरडीखाली बसून रात्रभर गात राहिले. बँड टिकला. केस पिकले, आणि केस पिकले की लोक मान द्यायला लागतात. आता सभागृहात बोलावतात, शाल देतात. यंदा बँडला चाळीस वर्षं पूर्ण झाली.

हा बँड काढला नाथाभाऊंनी. मूळ नाव नथानिएल वाघचौरे. सॅमसनच्या हातात पहिली गिटार दिली तीही त्यांनीच. एका नाताळानंतर त्यांनी बँड त्याच्यावर सोपवला आणि नगरकडच्या या खेड्यात येऊन राहिले, बंद पडलेल्या मिशन शाळेच्या मागच्या खोलीत. लोक त्यांना गुरू म्हणतात. त्यांच्या तोंडावर म्हणून बघा, शेंगा सोलायला बसवतील.

आणि तो बेसवाला, म्हणजे खालच्या जाड सुरांची गिटार वाजवणारा. त्याचं नाव मला माहीत आहे. पण मी ते इथे लिहिणार नाही. सॅमसनला जे आयतं मिळालं नाही, ते तुम्हाला तरी का द्यावं?

“घाई कसली आहे एवढी?” नाथाभाऊंनी विचारलं.

सॅमसननं पिशवीतून एक लाकडी सन्मानचिन्ह काढलं. वर पितळेची छोटी गिटार, खाली पितळेची पट्टी. पट्टी कोरी होती.

“कोरणारा म्हणतो, नाव द्या, तासाभरात करून देतो. शनिवारी मुंबईला कार्यक्रम आहे. तिथं स्टेजवर बोलावून पाहुण्यांच्या हस्ते देईन. टाळ्या पडतील. म्हणजे विषय मिटला.”

“कसला विषय?”

“रुसलाय तो.”

नाथाभाऊंनी सन्मानचिन्ह हातात घेतलं. कोरी पट्टी सदऱ्याच्या बाहीनं पुसली आणि सॅमसनकडे वळवली.

“चांगली चकचकीत आहे. तुझं तोंड दिसतंय यात.”

सॅमसन हसला नाही.

“फिलिपला का नाही विचारलंस?”

फिलिप त्यांचा ड्रमवाला. तिकिटं काढणं, फोन करणं, सगळ्यांना वेळेवर गाडीत कोंबणं, ही कामं त्याची.

“फिलिपला विचारलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या पुण्याला कळेल, की सॅमसनला...”

“काय कळेल?”

“काही नाही.”

“तुझ्या फोनात असेल की नाव.”

“फोनात... खांब म्हणून आहे.”

नाथाभाऊंचे हात थांबले.

खांब हे नाव सॅमसननंच ठेवलेलं. पहिल्या कार्यक्रमात हा नवा पोरगा बेस गिटार गळ्यात घालून जो उभा राहिला, तो शेवटपर्यंत जागचा हलला नाही. बाकीचे नाचत होते, उड्या मारत होते. हा आपला एका जागी, डोळे खाली, बोटं तेवढी चाललेली.

ब्लूजवाल्यांची एक रीत आहे. शेवटचं गाणं संपत आलं की वाद्यं बंद करायची नाहीत, हळू चालू ठेवायची. मग गायकानं एकेकाचं नाव पुकारायचं. ज्याचं नाव पुकारलं त्यानं थोडं एकट्यानं वाजवायचं, लोकांनी टाळ्या द्यायच्या. वर्षभर मागच्या अंधारात उभं राहणाऱ्या माणसाला तेवढाच उजेड.

त्या पहिल्या रात्री सॅमसन माइकवर म्हणाला, “आणि बेसवर हा आमचा खांब!” लोक खो खो हसले. पोरगाही हसला. हशा मिळाल्यावर कोण सोडतो? पुढच्या गावी तेच, त्याच्या पुढच्या गावीही तेच. पोरगा बाप्या झाला, त्याला मुलगी झाली, ती कॉलेजात गेली. तो खांबच राहिला.

“नीट सांग,” नाथाभाऊ म्हणाले. “काय झालं?”

“चाळीस वर्षांचा कार्यक्रम होता. हॉल गच्च भरलेला. पुढच्या रांगेत त्याच्या मुलीची सासरची माणसं होती. नुकतंच लग्न झालंय तिचं.”

“बरं.”

“दुपारी माइक तपासत होतो, तेव्हा हा माझ्याजवळ आला. म्हणाला, आज खांब नको म्हणूस. माझं नाव घे.”

“तू काय म्हणालास?”

“काही नाही. मी तारा लावत होतो.”

“मग?”

“पडदा उघडायच्या आधी पुन्हा आला. अगदी कानाशी. म्हणाला, आज माझं नाव घे हं.”

“तेव्हा काय म्हणालास?”

“मान हलवली असेन... आठवत नाही.”

“म्हणजे त्यानं दोनदा सांगितलं.”

“हो. दोनदा.”

नाथाभाऊंनी परातीतला एक किडका दाणा वेचून बाहेर टाकला. “पुढे.”

“फिलिपचं नाव घेतलं. त्यानं ड्रम दणकून काढले. कीबोर्डवर नवीन मुलगी आहे, तिचं घेतलं. मग मी याच्याकडे हात केला. म्हटलं, आणि बेसवर...”

सॅमसननं तसाच हात करून दाखवला.

“आठवेना, नाथाभाऊ. काहीच आठवेना. आडनावसुद्धा नाही. हॉल वाट बघतोय. हा माझ्याकडे बघतोय, याचा बेस चालूच. आणि मग तोंडातून निघून गेलं...”

“खांब.”

“आमचा खांब! लोक हसले. नेहमीसारखे. पुढच्या रांगेतले व्याहीसुद्धा मांडीवर थाप मारून हसले.”

“आणि तो?”

“त्यानं वाकून नमस्कार केला. त्याचं नेहमीचं वाजवलं. कुठं चुकला नाही की काही नाही. कार्यक्रम संपल्यावर बेस पेटीत ठेवला आणि गेला. तेव्हापासून तालमीला नाही, फोन उचलत नाही. आता तुम्हीच सांगा, एवढं मनाला लावून घ्यायचं काही कारण होतं का? माणूस विसरतो. मुद्दाम थोडंच केलं मी? घरी आल्यावर आडनाव आठवलं, भालेराव. नाव तेवढं येत नाही. एका शब्दाचं तर काम आहे.”

चिंचेच्या झाडाखाली एक शेळी तुरीची टरफलं खात होती. तिला नाथाभाऊंनी आणखी मूठभर टाकली.

“गिटार आणलीस?”

“मोटारीत आहे.”

“घेऊन ये. ते गाडीचं गाणं म्हण.”

सॅमसन उठला. गाणं म्हण म्हटलं की त्याचा मूड सुधारतो.

गाडीचं गाणं म्हणजे सातव्या मैलाचं पोटापाण्याचं गाणं. प्रत्येक कार्यक्रम त्यानंच संपतो. ब्लूजची ठेवण साधी असते. एक ओळ म्हणायची. मग तीच ओळ पुन्हा म्हणायची. मग तिसरी, तिचं उत्तर देणारी. लहानपणी सॅमसननं नाथाभाऊंना विचारलं होतं, तीच ओळ दोनदा कशाला? नाथाभाऊ म्हणाले होते, पहिल्यांदा म्हटली तेव्हा कुणी ऐकलेली नसते. सॅमसन हे वाक्य मुलाखतींत सांगतो. लोक वा म्हणतात.

तो पायरीवर बसला, तारा जुळवल्या, डोळे मिटले आणि गायला लागला.

*गाडी जाते दारावरून, इथं कुणी उतरत नाही...*

आवाज अजून भरदार होता. शेळीनं मान वर केली.

*गाडी जाते दारावरून, इथं कुणी उतरत नाही...*

तेवढ्यात शेजारच्या राहेलमावशी फडक्यात भाकरी बांधून घेऊन आल्या. नाथाभाऊंचं दुपारचं जेवण त्यांच्याकडून येतं. त्या दारातच थबकल्या.

“आवाज लई ग्वाड हाय,” त्या म्हणाल्या. “पाव्हणं कोन म्हनायचं, भाऊ?”

सॅमसननं गाणं थांबवलं आणि कॉलर नीट केली. ही वेळ त्याला फार आवडते.

“हा होय?” नाथाभाऊ म्हणाले. “हा गळा.”

“गळा?”

“एका बँडचा गळा आहे. गातो.”

राहेलमावशी खुदकन हसल्या. “आन् नाव काय म्हनायचं?”

“नाव काय करायचंय? गळा म्हणा. ओ देतो.”

मावशींना हसू आवरेना. त्यांनी तोंडाला पदर लावला. “बरं बाई. गळापाव्हणं, भाकर खाऊनच जावा.”

सॅमसनही हसला. न हसून सांगतो कुणाला? पण ते हसू ओठांवर नुसतं टांगून राहिलं.

“नाथाभाऊ, माझं नाव सांगा ना त्यांना.”

“कशाला? ओळख पटली की.”

“ही कसली ओळख?” सॅमसनचा आवाज चढला. “चेष्टा चालवलीय तुम्ही माझी. परक्या माणसासमोर. मी काय नुसता गळा आहे? मला नाव आहे, नाथाभाऊ! एवढी वर्षं मी...”

आणि तो थांबला.

...

राहेलमावशींना काही कळलं नाही, पण काहीतरी झालंय एवढं कळलं. त्यांनी भाकरी पाटावर ठेवली आणि आवाज न करता निघून गेल्या.

सॅमसनचं तोंड कानापर्यंत लाल झालं होतं. एका अनोळखी बाईचं एक साधं हसू, तेही घटकाभराचं, त्याला सोसलं नव्हतं. आणि त्या दुसऱ्यानं गावोगावचं हसू सोसलं होतं, वर वाकून नमस्कार केला होता, आणि बेस एकदाही चुकू दिला नव्हता.

त्याला वर बघवेना. हातातल्या गिटारचं काय करावं तेही त्याला सुचेना.

“तिसरी ओळ राहिली,” नाथाभाऊ हळूच म्हणाले.

सॅमसननं तारांवर बोटं ठेवली.

*दिवा लावून बसलो तरी...*

पुढे तीनच शब्द होते. *कुणी विचारत नाही.* हे तीन शब्द त्यानं मंडपात म्हटले होते, हॉटेलात म्हटले होते, सभागृहात म्हटले होते. दर वेळी डोळे मिटून. लोक डोळे पुसायचे. आणि दर वेळी त्याच्या डाव्या हाताला, दोन पावलांवर, एक माणूस त्या शब्दांखाली बेस धरून उभा होता. डोळे मिटलेले असल्यामुळे तो सॅमसनला कधी दिसलाच नाही.

शब्द आले नाहीत. त्यानं गिटार खाली ठेवली.



“मी गेलो होतो त्याच्याकडे,” तो म्हणाला. “हे तुम्हाला सांगणार नव्हतो.”

“कधी?”

“परवा. पाटी वाचली, भालेराव. आत बेस वाजत होता. हेच गाणं. मी बेल दाबली. दार त्याच्या व्याह्यांनी उघडलं. जिन्यात अंधार होता, त्यांनी मला ओळखलं नाही. त्यांनी विचारलं, कोण पाहिजे?”

“मग?”

“मी म्हटलं, भालेराव. ते म्हणाले, कोणते? दोघं भाऊ एकत्र राहतात. नाव काय?”

सॅमसननं दोन्ही तळहात तोंडावर ठेवले.

“काय म्हणालास?”

“पत्ता चुकला म्हणालो.”

नाथाभाऊंनी परात बाजूला सारली.

“पत्ता चुकला म्हणालो, नाथाभाऊ! आणि जिना उतरलो. वरून बेस ऐकू येत होता आणि मी चोरासारखा जिना उतरत होतो. मला माझीच लाज वाटते. ते सन्मानचिन्ह वगैरे सगळं ढोंग आहे. त्याच्यासमोर तोंड उघडावं लागू नये म्हणून पट्टीवर नाव कोरून घेत होतो.”

नाथाभाऊंनी भाकरीचं फडकं सोडलं. भाकरी अर्धी मोडली, वर मिरचीचा ठेचा ठेवला आणि अर्धी त्याच्यापुढे सरकवली. सॅमसननं तिला हात लावला नाही.

“मुंबईचं राहू द्या,” तो म्हणाला. “पाहुणे नकोत, टाळ्या नकोत. मला फक्त नाव सांगा. मी आत्ता जातो. व्याह्यांसमोर त्याला नावानं हाक मारतो. पाया पडतो त्याच्या.”

“नाव मला माहीत आहे.”

“मग सांगा ना.”

“नाही.”

“का?”

“माझ्याकडून घेतलंस तर त्याच्या दारात पाठ केलेलं म्हणून दाखवशील. फार सुंदर म्हणशील. गळा चांगला आहे तुझा.”

सॅमसनला ते लागलं. पण या वेळी त्यानं घड्याळाकडे पाहिलं नाही.

“मग मी करू काय?”

“विचार.”

“कुणाला?”

“ज्याचं आहे त्याला.”

“त्यालाच?” सॅमसन उठून उभा राहिला. “त्याच्या दारात उभा राहून त्यालाच विचारू, बाबा रे, तुझं नाव काय? एका टेम्पोत झोपलो आम्ही, नाथाभाऊ! माझी आई गेली तेव्हा खांदा दिला त्यानं. त्या माणसाला मी नाव विचारू? मेल्याहून मेल्यासारखं होईल मला.”

“होईल.”

“त्याची बायको असेल. मुलगी असेल. व्याही असतील.”

“हॉल भरलेला होता, म्हणालास.”

सॅमसन खाली बसला.

ऊन पायरीवरून अंगणात सरकलं होतं. शेळी टरफलं संपवून चिंचेखाली बसली होती. नाथाभाऊ आपली अर्धी भाकरी सावकाश खात होते. सॅमसननं समोरची अर्धी उचलली, एक घास मोडला आणि तो घास हातातच धरून रडायला लागला. वयस्क माणूस रडतो तसा, आवाज न करता, नाक ओढत.

नाथाभाऊंनी त्याला रडू दिलं.

मग त्यानं तोंड धुतलं, गिटार पेटीत ठेवली. सन्मानचिन्ह उचललं, पट्टीकडे एकदा पाहिलं आणि ते परत पाटावर ठेवून दिलं. तो मोटारीपर्यंत गेला. दार उघडलं, पण आत बसला नाही.

“सॅमसन,” नाथाभाऊंनी हाक मारली.

आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी त्याचं नाव घेतलं होतं. नुसतं नाव. पण सॅमसनला पुन्हा भरून आलं.

“दारात उभा राहा,” ते म्हणाले. “डोळे उघडे ठेव. आणि विचार.”

“तो काही बोललाच नाही तर?”

“तेच पुन्हा विचार.”

“आणि त्यानंतर? त्यानंतर मी काय म्हणायचं, नाथाभाऊ?”

नाथाभाऊंनी पुढची शेंग उचलली.

“तिसरी ओळ तुझी नाही.”